डी ड्राइव्हवर काय ठेवायचं

नवी हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडली की विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनाच्या खिडकीत एक लांब काळी पट्टी दिसते आणि तिच्याखाली लिहिलेलं असतं, 'अनअलोकेटेड', म्हणजे अजून वाटप न झालेली जागा. खोक्यावर एक टेराबाइट छापलेलं असतं, इथे मात्र आकडा ९३१ जीबी दिसतो. जागा कुठे गेलेली नसते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून हा फरक. मला ही पट्टी बघायला मनापासून आवडतं. तिच्यावर अजून काहीच ठरलेलं नसतं. दोन-चार क्लिक करून आपण तिचे भाग पाडतो, त्यांना अक्षरं देतो, आणि मग पुढची कितीतरी वर्षं आपले फोटो, पत्रं, पावत्या, मुलांच्या चित्रांचे स्कॅन, सगळं त्या आखणीत राहतं.

बहुतेक घरांत ही आखणी घरातल्या कोणी केलेलीच नसते. ज्यानं मशीन जुळवून दिलं त्यानं आपल्या सवयीनं सी, डी, ई, एफ असे सारखे तुकडे पाडलेले असतात. नाहीतर हल्लीच्या लॅपटॉपवर असतो तसा एकच सी ड्राइव्ह असतो आणि जे काही आहे ते त्यातच. मला वाटतं, हे आपण स्वतः ठरवावं. त्याला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. आपल्याजवळ काय आहे आणि त्यातलं काय गेलं तर आपल्याला चालणार नाही, एवढं माहीत असावं लागतं.

तुकडे पाडण्याची सवय आली कुठून, हे समजून घेतलं की त्यातलं काय टिकवायचं ते ठरवणं सोपं जातं. विंडोजच्या आधी पीसी डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत; १९८१ साली आलेल्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. फ्लॉपीवर मावत होतं तरी किती! सगळ्या फायली एकाच यादीत असायच्या. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क घराघरांत नाही तरी टेबलाटेबलांवर येऊ लागली, आणि त्याच वेळी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीनं फोल्डरात फोल्डर ठेवायची सोय दिली. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून डिस्कला सी मिळालं. फ्लॉपी गेल्या, अक्षर तसंच राहिलं.

पुढे डिस्क वाढत गेल्या आणि फॅट-१६ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत, अपुरी पडू लागली. तिला डॉस आणि विंडोज ९५ मध्ये दोन जीबीच्या पुढचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, करता येत नव्हतं. शिवाय ती जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांनी वाटायची, ज्यांना क्लस्टर म्हणतात. एक ते दोन जीबीच्या पार्टिशनवर हा क्लस्टर ३२ केबीचा असे. म्हणजे एक केबीचं पत्र लिहिलं तरी त्याच्यासाठी ३२ केबी अडकून पडायचे. पार्टिशन लहान ठेवलं की क्लस्टरही लहान व्हायचा आणि कमी जागा वाया जायची. त्या काळी डिस्कचे तीन-चार भाग करणं हे खरोखरच शहाणपणाचं होतं. १९९६ मध्ये फॅट-३२ आली, मग एनटीएफएस ही विंडोजची नवी फाइल सिस्टिम घरच्या मशीनवर रुळली, आणि हे कारण संपलं.

दुसरं एक कारण वेगाचं. फिरत्या डिस्कच्या चकतीवर बाहेरच्या कडेचे माग लांब असतात. एका फेरीत तिथून आतल्या मागांपेक्षा जास्त डेटा वाचला जातो. डिस्कचा सुरुवातीचा भाग बाहेरच्या कडेला असतो, म्हणून सी ड्राइव्ह आटोपशीर आणि सुरुवातीला ठेवला तर विंडोज जरा चपळ चाले. एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये साठवणाऱ्या हल्लीच्या डिस्कवर, याला अर्थ उरलेला नाही. तिथे चकतीच नाही, आणि आतला कंट्रोलर सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून डेटा सतत इकडचा तिकडे करत असतो. आपण पाहतो ती सी-डीची हद्द तिथे फक्त पत्त्यांच्या हिशेबात असते.

एवढी कारणं गळून पडल्यावर एक उरतं, आणि माझ्या मते तेवढं एक पुरेसं आहे. कॉम्प्युटरवरच्या गोष्टी दोन जातींच्या असतात. पुन्हा मिळणाऱ्या आणि पुन्हा न मिळणाऱ्या. विंडोज पुन्हा मिळतं. ऑफिस, ब्राउझर, प्रिंटरचा ड्रायव्हर, खेळ, सगळं पुन्हा उतरवता येतं. एक संध्याकाळ जाते, दुसरं काही जात नाही. आजीनं सांगितलेल्या गोष्टीचं रेकॉर्डिंग पुन्हा मिळत नाही. सी आणि डी यांच्यामधली रेघ मी इथे ओढते. सी कधीही पुसता आला पाहिजे. विंडोज बिघडलं, व्हायरस शिरला, मशीन रडतखडत चालायला लागलं, तर आधी काय काय वाचवायचं याची यादी करत न बसता सी फॉरमॅट करता यावा. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारी बरीच मंडळी 'होम'साठी, म्हणजे स्वतःच्या फायलींच्या फोल्डरसाठी, वेगळं पार्टिशन ठेवतात, त्यामागेही हाच विचार आहे.

यात एक अडचण आहे. विंडोज आपले डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप हे सगळे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरच ठेवतं. डी तयार करून तो रिकामाच राहिला आणि सगळं आयुष्य डेस्कटॉपवर साठलं, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. यातल्या प्रत्येक फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' नावाचा टॅब असतो. तिथे जाऊन त्याचा पत्ता डी ड्राइव्हवरचा द्यायचा आणि असलेल्या फायली हलवायला होकार द्यायचा. हे एकदा केलं की पुढे वेगळं भान ठेवावं लागत नाही. 'सेव्ह' म्हटलं की फाइल आपोआप डीवर जाते. ब्राउझरचा डाउनलोड्स फोल्डर मात्र मी मुद्दाम सीवर राहू देते. तिथे येतं ते बहुतेक पुन्हा मिळणारंच असतं.

दोनापेक्षा जास्त भाग करण्याच्या मी विरोधात आहे. पार्टिशन ही घरातली भिंत असते, आणि नंतर ती सरकवणं फार त्रासाचं. गाण्यांसाठी ई आणि फोटोंसाठी एफ केला, तर दोन वर्षांत एफ भरतो आणि ई निम्मा रिकामा पडून राहतो. विंडोजच्या आपल्या साधनानं पार्टिशन वाढवायचं तर मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडे असावी लागते. मध्ये दुसरं पार्टिशन आलं की पर्याय फिका पडतो, दाबताच येत नाही. आणि बऱ्याच मशीनवर सीच्या उजवीकडे विंडोज दुरुस्त करायला लागणारं रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून बसलेलं असतं. फोल्डरला असली हद्द नसते. गाणी आणि फोटो वेगळे ठेवायला दोन फोल्डर पुरतात, आणि मोकळी जागा दोघांना सारखी वापरता येते.

एकाच पार्टिशनमध्ये फाइल या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवली, तर ती कितीही मोठी असो, क्षणात हलते. कारण फाइल जिथे होती तिथेच राहते. फक्त ती कुठल्या फोल्डरची, ही नोंद बदलते. सीवरून डीवर हलवली तर मात्र प्रत्येक बाइट नव्यानं लिहिला जातो आणि मग जुनी प्रत पुसली जाते. ते काम चालू असताना दिसणारी हिरवी पट्टी हळूहळू सरकते ती याचसाठी. फोल्डर म्हणजे वस्तू ठेवायची जागा, असं आपण समजतो; यंत्राच्या लेखी ती एक नोंद आहे. हे कळल्यापासून मला फोल्डरांची रचना बदलायची भीती वाटेनाशी झाली. पाचशे फायली नव्या रचनेत लावायला यंत्राला काहीच कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते ठरवण्याचे.

ते कसं ठरवायचं, हे मी शिकले एका वेगळ्याच प्रसंगातून. माझे एक काका गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी काकूनं मला बोलावून घेतलं. "त्यांच्या कॉम्प्युटरात काय काय आहे ते तू बघ गं. मला त्यातलं काही कळत नाही. विम्याचे कागद त्यातच आहेत म्हणायचे." गेलेल्या माणसाच्या फायली उघडायच्या म्हणजे मनावर दडपण येतं. मी डी ड्राइव्ह उघडला आणि समोर घरातल्या माणसांची नावं आली. काकूचं नाव, मुलाचं, मुलीचं, एका फोल्डरवर 'आई-दादा', एकावर नुसतं 'घर', एकावर 'माझं', आणि शेवटी एक 'ठेवायचं नाही'. विम्याचे कागद 'घर'मध्ये 'विमा' या फोल्डरात, वर्षवार लावलेले. ते सापडायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

'माझं'मध्ये त्यांनी पूर्वी लिहिलेले काही लेख होते. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखी दिसावीत यासाठीची पद्धत, रुळण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले. असा फाँट मशीनवर नसला की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गाळ दिसतो, आणि इतक्या जणांचं इतकं लेखन अशा गाळात अडकून पडलं आहे की वाईट वाटतं. पण त्याच फोल्डरात त्या फाँटची फाइलही ठेवलेली होती, आणि तिच्या शेजारी एक टेक्स्ट फाइल: 'हा फाँट आधी बसवावा, मग उघडेल.' मी फाँट बसवला आणि ओळी वाचता येऊ लागल्या. काकू शेजारी बसून वाचत होती.

सगळ्यात मोठा आधार मला 'ठेवायचं नाही' या फोल्डरनं दिला. त्यात जुने इन्स्टॉलर होते, उतरवलेले माहितीपट होते, दोनदोनदा आलेल्या फायली होत्या. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरचं काही पुसताना हात थांबतो, कोण जाणे त्या माणसाला ते किती मोलाचं होतं. इथे त्यांनी स्वतःच परवानगी देऊन ठेवली होती.

या विषयावर संशोधकांनी काय पाहिलं आहे हे पुढे मी वाचलं, तेव्हा काकांची रचना पुन्हा नीट समजली. थॉमस मलोन यांनी १९८३ मध्ये लोकांच्या टेबलांवरच्या कागदांचा अभ्यास केला होता. काही कागद नाव घालून फायलीत लावलेले, काही नुसते ढीग करून ठेवलेले. ते ढीग म्हणजे निव्वळ पसारा नव्हता. हे काम करायचं आहे, अशी आठवण ते करून देत. १९९५ मध्ये डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी कॉम्प्युटर वापरणाऱ्यांकडे पाहिलं, तर लोक सर्च करण्यापेक्षा 'ती फाइल अमुक जागी असते' या आठवणीनं तिथवर जाणं पसंत करत होते. त्यांना माहिती तीन प्रकारची दिसली: थोड्या वेळापुरती, हातात असलेल्या कामाची, आणि जपून ठेवलेली. सर्च तेव्हापेक्षा आज कितीतरी सुधारलं आहे, तरी घरच्या फायलींच्या बाबतीत मला ती जागेची आठवणच जास्त भरवशाची वाटते. सर्चला शब्द द्यावा लागतो, आणि दहा वर्षांपूर्वी आपण फाइलला काय नाव दिलं होतं ते नेमकं आठवत नाही.

विंडोजनं दिलेली विभागणी प्रकारानुसार असते: डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. मला ती चुकीची वाटते. मुलीच्या शाळेतल्या नाटकाचं उदाहरण घ्या. संहिता वर्ड फाइलमध्ये, फोटो जेपीजीमध्ये, प्रयोगाचं चित्रीकरण एमपी-४ मध्ये, पार्श्वसंगीत एमपी-३ मध्ये. प्रकारानुसार लावलं तर एक नाटक चार ठिकाणी विखुरतं आणि त्या चौघांचा एकमेकांशी संबंध होता हे कुठेच लिहिलेलं राहत नाही. फाइल कुठल्या प्रकारची आहे हे कॉम्प्युटरला माहीत असतंच. त्या क्रमानं तो ती केव्हाही लावून दाखवू शकतो. ती कोणाची आणि कशासाठी, हे फक्त आपल्याला माहीत असतं. फोल्डरच्या नावानं तेच सांगावं.

म्हणून माझ्या डीवर पहिली पातळी माणसांची आणि घराची आहे, दुसरी कामाची किंवा प्रसंगाची, आणि गरज पडली तरच तिसरी वर्षांची. त्याहून खोल मी जात नाही. खोल गेलं की शोधणाऱ्याचा धीर सुटतो. आणखी एक व्यावहारिक कारणही आहे. विंडोजवरचे अनेक प्रोग्राम ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता २६० चिन्हांत बसावा अशी अपेक्षा धरतात. देवनागरीत काना, वेलांटी, हलन्त अशी प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. 'पत्रव्यवहार' हे आपल्या लेखी सहा अक्षरी नाव तिथे ११ जागा घेतं. नावं मराठीत जरूर द्यावीत, मी देते, पण आटोपशीर.

एखादी फाइल दोन ठिकाणी शोभेल अशी असते. आईच्या शस्त्रक्रियेचं बिल 'आई'मध्ये की 'विमा'मध्ये? दोन्हीकडे प्रती ठेवल्या की एक बदलते आणि दुसरी जुनी राहते. मी स्वतःला विचारते, हे कोण मागेल? बिल विमावाले मागतील, म्हणून ते 'विमा'मध्ये. तपासण्यांचे अहवाल डॉक्टर मागतील, म्हणून ते 'आई'मध्ये. फारच वाटलं तर दुसऱ्या जागी शॉर्टकट.

नावाच्या सुरुवातीला तारीख, आणि तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमानं: '२०२३-०५-१४ पाणीपट्टी'. हा क्रम आयएसओ ८६०१ या मानकातला आहे, १९८८ पासूनचा. त्याचा फायदा असा की नावानुसार लावलेली यादी आपोआप काळानुसार लागते. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र येऊन बसतात. फाइलच्या 'मॉडिफाइड' तारखेवर मी विसंबत नाही, कारण फाइल उघडून एक शब्द दुरुस्त केला तरी ती आजची होते.

फोटोंचं काम सर्वांत मोठं, आणि मी ते आनंदानं करते. कॅमेऱ्याच्या फोटोत कधी काढला त्याची वेळ फाइलच्या आतच लिहिलेली असते. ती नावात आणणारे मोफत प्रोग्राम मिळतात. मेसेजमधून आलेल्या फोटोंमधून ही आतली माहिती बहुधा पुसली गेलेली असते. नावात एखादी तारीख असते ती पाठवल्याची, काढल्याची नव्हे. कोणीतरी १९७० च्या दशकातला जुना फोटो पाठवला तर कॉम्प्युटर तो परवाचा समजतो. अशा फोटोला हातानं नाव द्यावं लागतं, आणि त्यात कोण आहे हे सांगू शकणारी माणसं आपल्यात आहेत तोवरच द्यावं लागतं. मी आत्याला फोन लावून स्क्रीनवरचा फोटो दाखवते आणि ती सांगेल तसं लिहिते: डावीकडून कोण, मागे उभं कोण, कोणाचं लग्न. ही माहिती दुसऱ्या कुठल्याही यंत्रात नाही.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. डीवर ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. सी आणि डी एकाच डिस्कवर असतात. डिस्क बंद पडली की दोन्ही एकदम जातात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरसही हद्द बघत नाही, त्याला सगळी अक्षरं सारखी. बॅकअपचा जुना नियम आहे तीन-दोन-एकचा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. नीट लावलेल्या डीचा इथे मोठा उपयोग होतो. न मिळणारं सगळं एकाच ठिकाणी असल्यामुळे बॅकअप कशाचा घ्यायचा हा प्रश्नच पडत नाही. बाहेरची डिस्क जोडायची, डी उतरवून घ्यायचा, डिस्क काढून ठेवायची. ती सतत जोडून ठेवली तर तिचा अर्धा उपयोग गेला.

डी ड्राइव्ह उघडल्यावर सगळ्यात वर दिसेल अशी एक टेक्स्ट फाइल मी ठेवली आहे, काकांचं बघून. कुठल्या फोल्डरात काय आहे, बॅकअपच्या डिस्क कुठे आहेत, काय बेलाशक पुसावं, काय पुसू नये, असं सगळं साध्या वाक्यांत. वर्ड फाइल न करता साधी टेक्स्ट केली, कारण ती जवळपास कुठल्याही यंत्रावर, वेगळा प्रोग्राम न बसवता उघडते.

काकांच्या वेळी एक प्रश्न नव्हता तो आता आहे. हल्लीचे बरेच लॅपटॉप डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात, म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी आतलं वाचता येत नाही. चोरीच्या दृष्टीनं हे उत्तमच. पण पासवर्ड माहीत असलेलं माणूस नसेल, तर घरच्यांनाही ते तितकंच बंद. विंडोजमध्ये हे काम बिटलॉकर करतो, आणि अडल्यावर डिस्क उघडायची त्याची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, ४८ अंकांची असते. ती त्याच डिस्कवर जपून ठेवण्यात अर्थ नाही. मी ती कागदावर उतरवली, पुन्हा एकेक अंक ताडून पाहिला, आणि घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावली. कागद कुठे आहे हे नवऱ्याला आणि मुलीला दाखवून ठेवलं आहे. मुलीला एकदा तो वापरून डिस्क उघडायलाही लावली.